बीआयएने (इमिग्रेशन अपील बोर्डाने) अपील फेटाळलं, तर सर्किट कोर्ट (फेडरल अपील कोर्ट) नक्की काय तपासतं आणि कशाला हात लावत नाही?

पैलतीर

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात कोर्टाचं दार कुठे उघडं असतं आणि कुठे बंद, हे नीट समजून घ्यायचं आहे. बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ.

एक माणूस तेरा वर्षं कागदपत्रांविना अमेरिकेत राहतोय. मुलगी जन्माने अमेरिकन नागरिक, तिला फिट्स येतात. रिमूव्हलची (देशाबाहेर काढण्याची) केस सुरू झाल्यावर त्याने ईओआयआर-४२बी हा फॉर्म भरून कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल (बाहेर काढणं रद्द करून राहू देण्याची सवलत) मागितलं. इमिग्रेशन जजने दहा वर्षांचं सलग वास्तव्य मान्य केलं, वर्तणूकही चांगली धरली. पण "मुलीचा आजार औषधाने आटोक्यात आहे, म्हणून असाधारण आणि अत्यंत विरळ अशी हार्डशिप (कुटुंबाची हालअपेष्टा) सिद्ध होत नाही" असं म्हणून अर्ज नाकारला. बीआयएने दीड पानात तोच निकाल कायम केला.

एकीकडे वाचायला मिळतं की २०२२ च्या पटेल वि. गारलँड निकालानंतर कोर्टं अशा प्रकरणांकडे बघतच नाहीत. दुसरीकडे २०२४ च्या विल्किन्सन वि. गारलँड निकालाने दार उघडलं असंही म्हणतात. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? हातात दिवस किती असतात? आणि असायलमच्या (आश्रयाच्या) केसला हेच नियम लागतात का?

न्यायरेषा

दोन्ही खरं आहे. ते दोन निकाल एकाच निर्णयाच्या वेगवेगळ्या थरांबद्दल आहेत.

आधी कायद्याचा मजकूर. फेडरल कायदेसंहितेच्या आठव्या टायटलच्या कलम १२५२ मध्ये (ए)(२)(बी)(आय) हे उपकलम पाच सवलती नाव घेऊन सांगतं: ११८२(एच) आणि ११८२(आय) खालचे वेव्हर (माफी), १२२९बी म्हणजे कॅन्सलेशन, १२२९सी म्हणजे व्हॉलंटरी डिपार्चर (स्वतःहून देश सोडण्याची मुभा) आणि १२५५ म्हणजे ॲडजस्टमेंट ऑफ स्टेटस (अमेरिकेतच राहून ग्रीन कार्ड मिळणं). या सवलती देण्याबाबतचा कोणताही निर्णय कोर्टाच्या अधिकारकक्षेबाहेर आहे. हे १९९६ साली आलं. पुढे २००५ च्या रिअल आयडी ॲक्टने (ए)(२)(डी) घातलं. घटनात्मक मुद्दा किंवा कायद्याचा प्रश्न असेल तर वरची बंदी आड येत नाही, मात्र तो पिटिशन फॉर रिव्ह्यू (फेरतपासणीचा अर्ज) करूनच सर्किट कोर्टापुढे मांडायचा. त्यामागे २००१ चा सेंट सिर निकाल होता. कायद्याच्या प्रश्नावर कोणतंच कोर्ट उरणार नसेल तर घटनात्मक पेच उभा राहतो, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं होतं.

म्हणजे सगळी लढाई "कायद्याचा प्रश्न" कशाला म्हणायचं यावर येते. तुमचा नमुना निर्णय उकलून पाहू. त्यात तीन थर आहेत.

सगळ्यात खाली तथ्यं. मुलीला आठवड्यात किती वेळा फिट येते, औषध लागू पडतंय का, बाप महिन्याला किती पैसे घरी देतो, त्याची साक्ष विश्वासार्ह आहे का. यांवर पटेल निकालाने पडदा टाकला. त्या केसमध्ये पटेल यांच्याकडून जॉर्जियातल्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर "मी अमेरिकन नागरिक आहे" या चौकोनात खूण झाली होती. चुकून झाली, हे जजला पटलं नाही. नागरिकत्वाशिवायही ते लायसन्स मिळण्याचा त्यांना हक्क होता, म्हणजे खोटं बोलून फायदा काहीच नव्हता, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने तपासलाच नाही. कारण ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं की वरच्या पाच सवलतींच्या आधाराची तथ्यंसुद्धा "निर्णया"त मोडतात, म्हणून तीही बंद. न्यायमूर्ती गोर्सच यांचं विरोधी मत जरूर वाचा. मला तेच योग्य वाटतं. ढळढळीत चुकीच्या तथ्यावर माणूस देशाबाहेर काढला जाणार आणि ती चूक बघायला कोणी न्यायाधीशच नसणार, ही रचना कायद्याच्या राज्याला शोभत नाही. पण आजचा कायदा हाच आहे.

मधला थर म्हणजे ठरलेली तथ्यं घेऊन ती कायद्यातल्या निकषात बसतात की नाही हे पाहणं. याला मिश्र प्रश्न म्हणतात. २०२० च्या ग्वेरेरो-लास्प्रिला निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मिश्र प्रश्न हाही कायद्याचाच प्रश्न. विल्किन्सनने तेच हार्डशिपच्या निकषाला लावलं. तेव्हा "जजने जी तथ्यं मानली तीच धरली, तरी ती असाधारण आणि अत्यंत विरळ हार्डशिप ठरते" हे म्हणणं कोर्ट ऐकू शकतं. पण त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय की साक्षीची विश्वासार्हता, घरच्या माणसाच्या आजाराचं गांभीर्य आणि आर्थिक आधाराचं प्रमाण हे तथ्याचे प्रश्न आहेत आणि ते बंदच राहतात. शिवाय हा मिश्र प्रश्न बराचसा तथ्यांवर उभा असल्याने कोर्ट बीआयएच्या मताला मान देऊनच तपासणार. दार किलकिलं झालं आहे, सताड उघडलेलं नाही.

सगळ्यात वर विवेकाधिकार. निकष पूर्ण झाला तरी सवलत द्यायची की नाही हे जजच्या मर्जीवर, आणि तिथे कोर्ट जात नाही.

आता तुमच्या उदाहरणातलं वाक्य पुन्हा वाचा: "आजार औषधाने आटोक्यात आहे." हे तथ्य आहे. "म्हणून हार्डशिप सिद्ध होत नाही" ही निकषाची लावणी आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग कोर्टात खोडता येणार नाही, दुसरा येईल. पण पहिला भाग तसाच राहिला तर दुसऱ्यावर जिंकणं अवघड जातं. म्हणून आजाराविषयीचं तथ्य नीट नोंदवून घेण्याची जागा इमिग्रेशन जजसमोरच आहे. न्यूरोलॉजिस्टचं पत्र, ईईजीचे रिपोर्ट, औषधांचे डोस कधी आणि का बदलले याची यादी, शाळेच्या नोंदी हे सगळं तिथेच रेकॉर्डवर यायला हवं.

दप्तरदार

मुदतीचा भाग मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त केसेस तिथेच मरतात.

पिटिशन फॉर रिव्ह्यूला बीआयएच्या अंतिम आदेशापासून ३० दिवस. पत्र हातात पडल्याचा दिवस धरू नका, आदेशावरची तारीख धरा. आदेश ३ मार्चचा असेल तर शेवटचा दिवस २ एप्रिल. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा फेडरल सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो. त्या दिवशी पिटिशन क्लार्कच्या दप्तरी पोचलेली हवी, पोस्टात टाकून भागत नाही. फी ६०० डॉलर. परवडत नसेल तर फी माफीचा अर्ज सोबत द्यावा.

२०२५ च्या रायली वि. बॉन्डी निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही मुदत अधिकारकक्षेची अट नाही, म्हणजे सरकारने हरकत घेतली नाही तर कोर्ट उशिराची पिटिशन ऐकू शकतं. यावर विसंबून एकही दिवस घालवू नका. सरकारने हरकत घेतली की मुदत पाळायचीच आहे. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे: ज्यांच्यावर थेट प्रशासकीय रिमूव्हल ऑर्डर निघते आणि नंतर फक्त विथहोल्डिंगची (छळाचा धोका असलेल्या देशात न पाठवण्याच्या संरक्षणाची) सुनावणी चालते, त्यांचे ३० दिवस त्या मूळ ऑर्डरपासून मोजले जातात, विथहोल्डिंगचा निकाल लागल्यापासून नाही. अशा केसमध्ये आधीच पिटिशन टाकून ती स्थगित ठेवायची विनंती करावी लागते.

दुसरा सापळा मोशन टू रीओपनचा (केस पुन्हा उघडण्याच्या अर्जाचा). बीआयएकडे रीओपन किंवा रीकन्सिडरचं मोशन टाकलं म्हणून ३० दिवस थांबत नाहीत. १९९५ च्या स्टोन वि. आयएनएस निकालापासून हे पक्कं आहे. मोशन नाकारलं गेलं तर त्या नकारावर वेगळी पिटिशन, वेगळे ३० दिवस, आणि तिथे फक्त मोशनचा नकार तपासला जातो. दोन्ही हवं असेल तर दोन्ही स्वतंत्रपणे दाखल करायचं.

कुठे दाखल करायची? इमिग्रेशन जजने जिथे कामकाज पुरं केलं ते ज्या सर्किटमध्ये येतं तिथे. अर्जदार कुठे राहतो यावर ते ठरत नाही. प्रतिवादी ॲटर्नी जनरल. पिटिशनला अंतिम आदेशाची प्रत जोडावी लागते आणि आधी कुठल्या कोर्टाने हा आदेश तपासलाय का ते लिहावं लागतं. कायद्यात ब्रीफला (लेखी युक्तिवादाला) रेकॉर्ड मिळाल्यापासून ४० दिवस आणि सरकारच्या ब्रीफला उत्तर द्यायला १४ दिवस दिलेत, पण सर्किट स्वतःचं वेळापत्रक काढतं, ते पाळायचं. ब्रीफ वेळेत गेलं नाही तर पिटिशन फेटाळली जाते.

आणि पिटिशन टाकली म्हणून रिमूव्हल थांबत नाही. हे फार लोकांना माहीत नसतं. स्टेचा (स्थगितीचा) अर्ज वेगळा. २००९ च्या न्केन वि. होल्डर निकालातले चार मुद्दे त्यात भरायचे: जिंकण्याची चांगली शक्यता, भरून न येणारं नुकसान, दुसऱ्या बाजूचं नुकसान, जनहित. सरकार समोर असतं तेव्हा शेवटचे दोन एकत्र येतात. नुसतं "देशाबाहेर काढतील" एवढं लिहून नुकसान सिद्ध होत नाही, कारण त्याच निकालानुसार रिमूव्हलनंतरही पिटिशन चालू राहते. मुलीच्या उपचारांत खंड पडला तर काय होईल हे डॉक्टरच्या शब्दांत द्या. काही सर्किटांत अर्ज येताच निर्णय होईपर्यंत तात्पुरती स्थगिती मिळते, काहींत नाही. त्या सर्किटचे स्थानिक नियम पाहिल्याशिवाय अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

इमिग्रेशन जजकडून बीआयएकडे जाण्याची मुदत मुद्दाम लिहीत नाही. ती निकालासोबतच्या नोटिशीवर असते. नियम बदलत असतात, म्हणून जुन्या लेखांवर न जाता तीच पाहावी.

पैलतीर

फार उपयोगी. दोन गोष्टी अजून. बीआयएचा निकाल हातात आला की त्यात नेमकं काय शोधायचं? आणि मधल्या काळात मुलीला मोठी फिट येऊन ती आयसीयूत गेली, तर ते कागद सर्किट कोर्टाला देता येतात का?

न्यायरेषा

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. सर्किट कोर्ट फक्त प्रशासकीय रेकॉर्डवर निर्णय देतं. नवा पुरावा घेत नाही, आणि जादा पुराव्यासाठी केस परत पाठवायलाही कायद्याने मनाई आहे. आयसीयूच्या कागदांची जागा बीआयएकडच्या मोशन टू रीओपनमध्ये. अंतिम आदेशापासून ९० दिवस, साधारणपणे एकदाच, आणि पुरावा असा हवा की जो सुनावणीच्या वेळी उपलब्धच नव्हता.

आता बीआयएचा निकाल. दीड पान असलं तरी ओळ न् ओळ वाचायची.

पहिली गोष्ट, बीआयएने जजचा निकाल नुसता "ॲडॉप्ट अँड अफर्म" केलाय का? मॅटर ऑफ बर्बानो या बीआयएच्याच निकालाचा दाखला असेल तर जजची कारणं बीआयएची स्वतःची झाली, मग कोर्ट दोन्ही निकाल वाचतं. नसेल तर बीआयएने जी कारणं लिहिली तेवढीच तपासली जातात.

दुसरी गोष्ट, जजच्या निकालाचा शेवटचा परिच्छेद. तिथे बऱ्याचदा असतं: "पर्यायाने, विवेकाधिकारातही अर्ज नाकारतो." बीआयएने ते कारणही कायम केलं असेल तर केस तिथेच संपण्याचा धोका आहे. हार्डशिपवर कोर्ट तुमच्या बाजूचं झालं तरी विवेकाधिकाराचं कारण एकटं उभं राहतं आणि त्याला हात लावता येत नाही. पण बीआयएने "या मुद्द्यावर जाण्याची गरज नाही" असं लिहिलं असेल, तर चेनरीच्या तत्त्वानुसार (निर्णय त्यात दिलेल्या कारणांवरच टिकायला हवा) सरकारला ते कारण कोर्टात नव्याने पुढे करता येत नाही. एका वाक्याने केसचं भवितव्य बदलतं, म्हणून हे वाक्य शोधाच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: बीआयएने स्वतः तथ्यं ठरवली का? नियमाप्रमाणे जजची तथ्यं बीआयएने फक्त उघड चूक आहे का एवढंच बघायचं, स्वतः नवी ठरवायची नाहीत. कायदा आणि विवेकाधिकार मात्र ती नव्याने पाहू शकते. समजा जजने लिहिलं "मुलीला महिन्यातून दोनदा फिट येते" आणि बीआयएने "आजार आता नियंत्रणात आहे" असं धरून निकाल दिला. तर बीआयएने चुकीच्या कसोटीने तपासणी केली. हा निखळ कायद्याचा प्रश्न आहे आणि पटेल निकाल त्याला अडवत नाही. असा दोष सापडला तर ब्रीफमध्ये तोच पहिला मुद्दा करावा.

मुद्दे लिहिताना शीर्षकातच केस हरू नये. "जजने मुलीच्या आजाराला पुरेसं महत्त्व दिलं नाही" असं लिहिलंत की सरकारचं उत्तर तयार असतं: हे वजनमाप आहे, कोर्टाला अधिकार नाही. त्याऐवजी "सगळे घटक एकत्रितपणे तोलण्याचा निकष बीआयएने लावला नाही, आजार, भाषा आणि आर्थिक आधार हे एकेक करून बाजूला सारले" असं लिहा आणि मॅटर ऑफ मॉनरिअल व मॅटर ऑफ रेसिनास हे बीआयएचेच २००१ आणि २००२ चे निकाल दाखवा. किंवा "न्यूरोलॉजिस्टचं पत्र रेकॉर्डच्या अमुक पानावर असूनही निकालात त्याचा उल्लेख नाही." पुराव्याला कमी वजन देणं आणि पुरावा वगळणंच, यात बरीच कोर्टं फरक करतात. पण नुसतं शीर्षक बदलून आत जुनंच रडगाणं गायलं तर कोर्ट फसत नाही. "कायद्याची चूक" असं लेबल लावलेला तथ्याचा वाद ते पहिल्या पानावर ओळखतात.

आणि हे सगळे मुद्दे बीआयएच्या ब्रीफमध्ये आलेले हवेत. उपलब्ध उपाय आधी संपवण्याची अट १२५२(डी)(१) मध्ये आहे. २०२३ च्या सँटोस-झकारिया निकालाने ती अधिकारकक्षेची अट नाही असं ठरवलं आणि मोशन टू रीकन्सिडर टाकणं गरजेचं नाही हेही सांगितलं. तरी सरकारने हरकत घेतली की न मांडलेला मुद्दा सहसा गेलाच म्हणून समजा. बीआयएने स्वतःच्या निकालात पहिल्यांदाच केलेली चूक याला अपवाद ठरते.

मेघमल्हार

असायलमचा प्रश्न राहिला होता. तिथे गणित वेगळं आहे आणि अर्जदाराला बरंच बरं आहे.

असायलम, विथहोल्डिंग आणि कन्व्हेन्शन अगेन्स्ट टॉर्चर (छळाविरुद्धचा करार) म्हणजे कॅट ही त्या पाच सवलतींत नाहीत. तिथे कोर्ट तथ्यंही तपासतं, पण कसोटी कडक आहे: कोणत्याही समंजस निर्णयकर्त्याला उलट निष्कर्ष काढणं भागच पडलं असतं, असं दाखवावं लागतं. "उलटही निष्कर्ष निघू शकला असता" हे पुरत नाही. साक्षीवर अविश्वास दाखवलेल्या केसमध्ये म्हणूनच जजने दाखवलेली प्रत्येक विसंगती रेकॉर्डच्या पान नंबरासकट खोडावी लागते. जबाबाच्या तारखा चुकल्या म्हणे, तर भाषांतर तपासा, मूळ जबाबातलं वाक्य तपासा. असायलमचा विवेकाधिकारातला नकारही तपासता येतो, मात्र तो कायद्याच्या उघड विरुद्ध आणि अधिकाराचा दुरुपयोग असेल तरच उलटतो.

ठरावीक गुन्ह्यांमुळे रिमूव्हेबल ठरलेल्यांना (ए)(२)(सी) ची आणखी एक बंदी लागते: ॲग्रव्हेटेड फेलनी (गंभीर गुन्हे), अमली पदार्थ, शस्त्रं वगैरे. त्यांना कायद्याचे आणि घटनात्मक मुद्देच मांडता येतात. अपवाद कॅटचा. २०२० च्या नसराल्ला वि. बार निकालाने ठरवलं की कॅटचा आदेश म्हणजे रिमूव्हलचा अंतिम आदेश नव्हे, त्यामुळे त्यातली तथ्यं गुन्हेगारी बंदी असूनही तपासता येतात. अशी केस असेल तर कॅटचा अर्ज कधीही नावापुरता भरू नका. कोर्टात तथ्यांवर बोलायला तेवढीच जागा उरते.

सीमेवर एक्सपेडाइटेड रिमूव्हल (जजशिवाय झटपट हकालपट्टी) झालेल्यांना यातलं जवळपास काहीच मिळत नाही. २०२० चा थुराइसिगियम निकाल त्याबाबत फार कठोर आहे.

उत्तरवाहिनी

या धाग्यावर येणाऱ्या बऱ्याच जणांची केस इमिग्रेशन कोर्टात नसते, यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे) असते. आय-१३० (नातेवाइकासाठीची पिटिशन) किंवा आय-१४० (नोकरीवर आधारित पिटिशन) मंजूर होऊन नंतर रद्द झालं, आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) नाकारलं, असे प्रकार. त्यांना वरचे निकाल लागतात का?

मेघमल्हार

लागतात, आणि तिथे अवस्था जास्त वाईट आहे.

मंजूर पिटिशन रद्द करण्याचा अधिकार कलम ११५५ मध्ये आहे: योग्य आणि पुरेसं कारण वाटेल तेव्हा. डिसेंबर २०२४ मध्ये बुआर्फा वि. मयोर्कस निकालात सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की हा विवेकाधिकार आहे, म्हणून (ए)(२)(बी)(आयआय) खाली (विवेकाधिकाराच्या इतर निर्णयांवरची बंदी) कोर्टाबाहेर. ती केस आय-१३० ची होती आणि आधीच्या लग्नावर बनावटपणाचा ठपका होता. बीआयएनेही तो कायम ठेवला होता. आय-१४० सुद्धा त्याच कलमाखाली रद्द होतं, त्यामुळे तर्क तोच.

पण नीट बघा, हे रद्द करण्याबद्दल आहे. पिटिशन मुळातच नाकारली तर वेगळं. बनावट लग्नाच्या कारणाने नकार देणं ११५४(सी) खाली बंधनकारक असतं, तिथे विवेकाधिकार नाही, म्हणून डिस्ट्रिक्ट कोर्टात आव्हान देता येतं. बुआर्फा निकालातच सुचवलेला रस्ता हा आहे: नवी आय-१३० भरा, तिच्यावर नकार आला तर तो नकार घेऊन कोर्टात जा. वेळखाऊ आहे, पण बंद भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा बरा. तेव्हा रद्द झालेल्या आदेशावर वकिलाची मोठी फी भरण्याआधी विचारा: नवी पिटिशन भरता येते का?

आय-४८५ म्हणजे ॲडजस्टमेंट, तो पाच सवलतींत येतो. (बी) मधली बंदी रिमूव्हलच्या कामकाजाबाहेरच्या निर्णयालाही लागते असं कलमातच लिहिलंय, आणि (डी) ची सुटका फक्त पिटिशन फॉर रिव्ह्यूत आहे.

न्यायरेषा

एक पुस्ती जोडतो. यूएससीआयएसने नाकारलेल्या ॲडजस्टमेंटचं काय, हा प्रश्न पटेल निकालाने उघडा ठेवला. त्यानंतर बऱ्याच सर्किटांनी बंदीच्या बाजूने कौल दिला आहे. रिमूव्हलची केस सुरू झाली तर बहुतेकांना जजसमोर तोच अर्ज नव्याने मांडता येतो आणि मग कायद्याच्या मुद्द्यावर सर्किट कोर्ट मिळतं. कोर्ट मिळावं म्हणून आधी डिपोर्टेशनची नोटीस ओढवून घ्यायची, असा हा प्रकार आहे. स्टेटस वैध असलेल्याने हे मुळीच करू नये, पण रचना अशी आहे हे माहीत असावं.

मात्र निर्णयच येत नसेल, वर्षानुवर्षं फाइल पडून असेल, तर विलंबाविरुद्धचा मॅन्डेमसचा (निर्णय द्यायला भाग पाडण्याचा) दावा ही वेगळी गोष्ट. त्यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, स्वतंत्र धागा काढा.

भारतातल्या कॉन्सुलेटने व्हिसा नाकारला तर कोर्टाचा रस्ता जवळपास नाहीच. १९७२ च्या मँडेल निकालापासून चालत आलेलं तत्त्व २०२४ च्या म्युनोझ निकालाने अजून घट्ट केलं: अमेरिकन नागरिकाला आपल्या परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही, असं तिथे बहुमताने म्हटलं.

पैलतीर

शेवटचा प्रश्न. आपल्या नमुन्यातल्या माणसाला जजने कॅन्सलेशन नाकारलं, पण ६० दिवसांचं व्हॉलंटरी डिपार्चर दिलं, आणि बीआयएने तेही कायम ठेवलं. मग तो सर्किट कोर्टात गेला तर ते ६० दिवस कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबतात का?

दप्तरदार

थांबत नाहीत, उलट संपतात. पिटिशन फॉर रिव्ह्यू दाखल झाली की व्हॉलंटरी डिपार्चर त्याच क्षणी आपोआप रद्द होतं आणि पर्यायी रिमूव्हल ऑर्डर लागू होते. त्यामुळे पुढे परत येण्यावर दहा वर्षांची बंदी लागू शकते. यात एक सवलत आहे: पिटिशन टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत तो स्वतः देश सोडून गेला, गेल्याचा पुरावा डीएचएसला (गृहसुरक्षा खात्याला) दिला आणि अजूनही देशाबाहेरच असल्याचा पुरावा दिला, तर ते जाणं रिमूव्हलखालचं धरत नाहीत. पासपोर्टवरचा शिक्का, बोर्डिंग पास, कॉन्सुलेटची पोच हे सगळं जपून ठेवायचं.

दुसरी बाजूही सांगतो. पिटिशन न टाकता आणि मुदतीत देशही न सोडता बसून राहिलात तर सगळ्यात वाईट: दंड, आणि कॅन्सलेशन, ॲडजस्टमेंटसारख्या सवलतींना दहा वर्षं अपात्रता. म्हणून बीआयएचा आदेश आला त्याच आठवड्यात वकिलाकडे बसून ठरवायचं. बीआयएच्या निकालात कायद्याची खरी चूक दिसत असेल तर पिटिशन आणि सोबत स्टेचा अर्ज. दिसत नसेल, वाद फक्त तथ्यांचाच असेल, तर व्हॉलंटरी डिपार्चर जपावं आणि ६० दिवस तिकीट, पासपोर्ट आणि मुलीच्या औषधांची सोय करण्यात घालवावेत.